बॅटरीचं पाणी बदललं

घरात टीव्ही आहे, भिंतीएवढा. म्हातारी गेल्यावर पोराने आणला. म्हणाला, "बाबा, तुमचा वेळ जाईल." वेळ कशाला जातो? जायचा तो मीच राहिलोय. बटण दाबलं की नटलेल्या बाया भांडायला लागतात. आवाज बंद केला तरी त्यांची तोंडं चालूच राहतात. आमच्या म्हातारीचंही तसंच होतं, फक्त तिचा आवाज बंद करायचं बटण कुणी बनवलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात तो आपोआप बंद झाला.

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीत मी मास्तरांना कंटाळलो आणि मास्तर मला, तेव्हा दोघांनी आनंदाने रजा घेतली. म्हणून इथे काही चुकलं तर चालवून घ्या. नात म्हणाली, "आजोबा, नावेतल्या रेडिओची गोष्ट लिहून काढा. दर वेळी वेगळी सांगता." आता वेगळी सांगितली तर "खोटं, खोटं" म्हणून मधेच ओरडणारी बाई राहिली नाही. तेव्हा खरीच लिहितो.

तेव्हा आमच्या भागात तापीवर पूल नव्हता. आमची जोडनाव होती. दोन नावा शेजारी शेजारी बांधायच्या आणि वर फळ्यांचा माच ठोकायचा. त्यावर बैलगाडी बैलांसकट चढायची. कधी वरात चढायची, कधी म्हैस, कधी वरातीत म्हैस. पोळ्यापासून वैशाख संपेपर्यंत नदीला नाव चालेल एवढं पाणी असायचं. तेवढे महिने मी आणि बायको माचाच्या एका टोकाला तट्ट्याच्या खोपीत राहायचो. चूल तिथेच, अंथरूण तिथेच. माझी आई गावातल्या घरात झोपायची, पण उजाडलं की नावेत हजर, सुनेवर लक्ष ठेवायला. भर नदीतून सून पळून पळून कुठे जाणार होती? पण सासू म्हटल्यावर लक्ष ठेवावंच लागतं.

लग्न नवं होतं. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायको माहेरी गेली. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात आणि झोक्यावर बसून सासरच्यांना गाण्यातून शिव्या देतात. नुसतं तोंडाने बोललं तर मार बसतो, चालीवर म्हटलं तर तोच सण होतो. त्या वर्षी तिच्या माहेरी मुंबईहून रेडिओची माणसं आली. त्यांनी झोक्याखाली एक पेटी मांडली आणि बायकांच्या तोंडापुढे लोखंडी कणसासारखं काहीतरी धरलं. बाकीच्या बाया लाजून पदर चावत बसल्या. आमची बाई कशाला लाजते! पहिली ओळ तिने उचलली, बाकीच्यांनी मागून धरली. जाताना माणसं सांगून गेली की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, गावकऱ्यांसाठी जे लावतात त्यात हे गाणं लागेल.

ती परत आली ती नावेत पाय टाकायच्या आधीच सांगायला लागली, "मन्हा आवाज रेडिओमां येनार शे!"

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुन्हा आवाज? रेडिओमां? मंग मन्हं घोरनं बी येई तठे!"

गाडीवाले हसले. मीही हसलो. नवरा होतो, पण हसू आलं तर काय करू? बायको हसली नाही. ती त्या दिवसापासून एकच गोष्ट धरून बसली. हा आवाज सासूला ऐकवायचा, तोही रेडिओतूनच. नाहीतर जन्मभर थापाडी म्हणून या नावेत बसायचं. आमच्याकडे बाईला एकदा थापाडी म्हटलं की तिच्या बाळंतकळाही लोकांना खोट्या वाटतात. म्हणून तिचं म्हणणं काही वेडेपणाचं नव्हतं.

आता रेडिओ आणायचा कुठून? पलीकडच्या काठाला केळीचे मळे असलेले एक गुजर शेतकरी होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांच्या भावाच्या लग्नात मुलीकडून रेडिओ आला होता, विजेवर चालणारा. गावात विजेचा खांबसुद्धा नव्हता. तो रेडिओ कोनाड्यात ठेवलेला असायचा. त्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर गणपती. इतक्या महागड्या आसनावर आमच्या भागातला दुसरा कुठलाच देव बसलेला नव्हता.

मी मागायला गेलो. काका म्हणाले, "घेऊन जा. इथे तो मुकाच आहे. पण नावेत चालला तर एक अट. मी बसलो की आधी बाजारभाव लावायचे. बायकांचं गाणं मागून."

शहाद्याला लोणखेड्याच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्त करणारा एक जण बसायचा. त्याने पेटी उघडली, बघितली आणि मला म्हणाला, "याला दोनशे तीस वोल्ट लागतात. मोटारीच्या बॅटरीत असतात सहा. हत्तीला पळीने पाणी पाजायला निघालास का?"

मी म्हटलं, "पळी मोठी करून द्या."

त्याने मध्ये एक पत्र्याची डबी बसवली. ती आतल्या आत भुंग्यासारखी थरथरायची आणि सहाचे दोनशे करून पुढे ढकलायची. कसे करते ते त्याने मला समजावलं. मला कळलं नाही. त्यालाही फारसं कळलेलं नसावं, कारण सांगताना तो सारखा रस्त्यावरच्या बकरीकडे बघत होता. मग एका लॉरीची जुनी बॅटरी दिली. वर तीन भोकं, भोकांना बुचं. आत जळजळीत पाणी. ते कमी झालं की वरून घालायला म्हणून एक बाटलीभर वेगळं पाणी दिलं. म्हणाला, "हेच घालायचं, दुसरं नाही."

आईने बाटली बघितली आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, पाणी.

"पानी? इकत? तापीवर ऱ्हाईसन?"

खरंच, चारी बाजूंनी पाणी, आणि मी शहाद्याहून बाटलीतून पाणी घेऊन आलेला. आईने त्याच दिवशी ते पाणी ओतून बाटली रॉकेलला घेतली.

बॅटरी मी खांद्यावरून आणली होती. आतलं पाणी पाठीवरून ओघळून खाली गेलं. दोन दिवसांनी धोतराला अशा जागी भोकं पडली, की गाडीवाले मला वल्हं मारायला मुद्दाम पाठमोरा उभा करायचे.

पण रेडिओ लागला! खोपीच्या बांबूला उंच तार बांधली, डबी गुणगुणायला लागली, पेटीतले दिवे हळूहळू तांबडे झाले आणि भर तापीत एक माणूस शुद्ध भाषेत खोकला. बैल बुजले. एक म्हातारा गाडीवरून उतरून पेटीच्या पाया पडला. पुढे पुढे माणसं काम नसताना नावेत बसायला लागली. पलीकडे जायची, न उतरता तशीच परत यायची. काका भाव ऐकून शिव्या द्यायचे. शेंगांचा भाव पडला तर मला, चढला तर शेंगा आधीच घेऊन गेलेल्या व्यापाऱ्याला. बॅटरी थकली की आवाज बारीक व्हायचा, मग शहाद्याला जाणाऱ्या गाडीतून ती गॅरेजात पाठवायची. ताजीतवानी होऊन यायची. आई मात्र रेडिओकडे पाठ करून बसायची. "दसराना दुसरा दिन येऊ दे," एवढंच म्हणायची आणि सुनेकडे बघायची. सूनही बघायची. दोघींच्या मधे ती पेटी. मी वल्हं मारायचो.

दसऱ्याच्या आधी बॅटरी मुद्दाम गॅरेजातून भरून आणली. बायकोने तिच्यावर फडकं घातलं. बाजारभावालासुद्धा लावू दिली नाही. काका रुसले.

दसऱ्याला आमच्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करतात. शेतकरी नांगर पुजतो, न्हावी वस्तरा, आम्ही नाव आणि वल्ही. सकाळी आई पूजेचं ताट घेऊन नावेत आली. मी गावात गेलो होतो. बायको काठावर भांडी घासत होती. आईला वल्ह्यांची पूजा झाल्यावर बॅटरी दिसली. आता आईचा स्वभाव सांगतो. सुनेशी वैर असलं तरी घरातल्या वस्तूवर तिने कधी राग काढला नाही. तिला वाटलं, ही पण नावेतलीच आहे, हिलाच कशाला उपाशी ठेवायचं? तिने बॅटरीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग बुचं काढून आत बघितलं. वास घेतला.

नवरात्रात घट बसवतात. दसऱ्याला तो उठवला की कलशातलं शिळं पाणी टाकून देतात आणि ताजं भरतात. हे आमच्या घरात पोरालाही माहीत. आईने तेच केलं. बॅटरी माचाच्या कडेला कलती केली, आतलं सगळं पाणी नदीत ओतलं, आणि तिन्ही भोकांत पदराने गाळून तापीचं ताजं पाणी भरलं. वर तुळशीचं पान टाकायचं होतं, पण भोकं लहान पडली.

मी आलो तेव्हा ती पाय चोळत बसली होती.

"हाई तुन्ही पेटीमां काय भरेल व्हतं रे? सडेल व्हतं. आंबट वास मारे. पाय चुनचुनी ऱ्हायनात मन्हा. फेकी दिन्हं मी. ताजं भरं."

मी बटण फिरवलं. डबी गप्प. तारा खरवडल्या, बुचं घट्ट केली, पेटीवर चापट मारली. मला एवढ्याच तीन दुरुस्त्या येत होत्या. बायको भांडी घेऊन वर आली. माळ घातलेली बॅटरी बघितली, ओली फळी बघितली, सासूचे पाय बघितले. तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता भांडी नदीत जातात. पण तिने ती एकात एक नीट लावून ठेवली आणि म्हणाली,

"पानी बदलं, आत्या. आते देवच गया."

आणि खोपीत जाऊन बसली.

आई माझ्याकडे बघत राहिली. "मी काय वाईट करं रे?" दुसऱ्या दिवशी तिच्या लुगड्याचा काठ फडक्यासारखा हातात आला, तेव्हा तिला पटलं की ते पाणी साधं नव्हतं. पण त्याचा काय उपयोग? गॅरेजात माणूस पाठवून बॅटरी परत भरून यायला दिवस लागले असते, आणि दसऱ्याचा दुसरा दिवस तोच, गाणं त्याच संध्याकाळी होतं.

वर आणखी घोळ असा, की मी बाजारात सगळ्यांना सांगून बसलो होतो. दुपार कलल्यापासून माणसं यायला लागली. आमच्या काठची, पलीकडची. काका धुतलेली टोपी घालून आले. प्रत्येकजण विचारायचा, "दादा, रेडिओ?" मी म्हणायचो, "बसा." दुसरं काय सांगणार? आई कोपऱ्यात लुगड्याचा फाटका काठ गुंडाळत बसली. बायको खोपीतून बाहेर येईना. मी आत डोकावलो तर भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला म्हणाली, "लोकेसले सांगा, ती थापा मारे. मी काय आते बोलत नई." अशी गार पडलेली मी तिला त्याआधी बघितली नव्हती. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि ऊन उतरताना काठावर जीप आली.

हिवतापवाल्यांची जीप होती. गावोगाव भिंतींवर फवारा मारत फिरायची. मागे पिंपं, पुढे ड्रायव्हर आणि शेजारी पुण्याकडचा एक साहेब. ड्रायव्हर खापरकडचा, त्याची माझी ओळख होती. आम्ही फळ्या लावून जीप माचावर घेतली. तो खाली उतरून बिडी पेटवायला लागला आणि गर्दी बघून म्हणाला, "काय दादा, कोनं लगीन शे?"

मी त्याला झालेलं सांगितलं. बॅटरीच्या पूजेशी आलो तेव्हा त्याच्या तोंडातली बिडी पडली. हसून झाल्यावर त्याने आमच्या बॅटरीकडे बघितलं, मग आपल्या जीपकडे.

"मन्ही जीप लढाईमाईन उनेल शे. तिले बी सहाच वोल्ट लागस," तो म्हणाला. "पन नाव पार लागनी का साहेब थांबाव नई."

मी म्हटलं, "मग पार लावतोच कशाला?"

नाव नदीच्या मधोमध आली तसा मी दोराला बांधलेला दगड पाण्यात सोडला. नाव थांबली. ड्रायव्हरने जीपचं पुढचं झाकण उघडलं आणि आमच्या डबीच्या तारा तिच्या बॅटरीला लावल्या.

साहेब खाली उतरला. "अहो, नाव का थांबवलीत?"

"साहेब, बायकोचा आवाज यायचा आहे."

"कुठून?"

"मुंबईहून."

साहेबाने आधी माझ्याकडे बघितलं, मग खोपीतून डोकं बाहेर काढलेल्या माझ्या बायकोकडे. त्याचा काही मेळ बसेना. "ही जीप सरकारी आहे," तो म्हणाला.

"नदी पण सरकारीच आहे साहेब. बसा."

"आणि नंतर गाडी सुरूच झाली नाही तर?"

माचावरची सगळी माणसं एकदम ओरडली, "ढकलू!"

डबी गुणगुणायला लागली. बायको बाहेर आली. पेटीजवळ नाही, खोपीच्या दाराशीच उभी राहिली. दिवे तापायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात कुणी थुंकलंसुद्धा नाही. मग आवाज आला. कापूस, शेंगा, ज्वारी. बाजारभाव! काका पुढे सरकले. त्या दिवशी भाव चढला होता की पडला होता ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही, कारण सगळी माणसं त्यांच्याकडेच डोळे वटारून बघत होती. मग कुणीतरी खताबद्दल बोललं. खत संपेचना. साहेब घड्याळ बघत होता. आई मान खाली घालून बसली होती, पण कान पेटीकडे.

मग रेडिओतली बाई म्हणाली, आता खानदेशातल्या बायकांची आखाजीची गाणी.

आणि आली ओळ. एकटीची.

"झोका चढना वर वं माय, दिखनी तापी पार..."

मागून बाकीच्या बाया. मला हसू फुटलं, अंगावर काटाही आला. तोच आवाज. मला रोज उठवणारा, वल्हं कुठे ठेवलं म्हणून खेकसणारा. नावेतली माणसं माझ्या बायकोकडे वळली. आईने मान वर केली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"वं माय! तूच शे!"

बायको पेटीकडे एकटक बघत होती. कपाळाला आठी. गाणं संपलं, दुसरं काही लागलं, आणि ती म्हणाली,

"हाई कोन भवानी शे?"

मी म्हटलं, "अगं, तू!"

"मन्हा आवाज असा शे? असा टिटवीगत? नई. दुसरी कोन तरी शे. त्या मुंबईवालासनी अदलाबदल करी."

आता बघा गंमत. जिने सहा महिने थापाडी ठरवलं ती सासू छातीवर हात ठेवून सांगत होती, "तूच शे! मी रोज ऐकस, अशीच वरडस तू!" आणि जिचा आवाज ती म्हणत होती, "मन्हा नई!" माचावर दोन पक्ष पडले. एका पक्षात एकटी बायको, दुसऱ्यात सगळी तापी.

शेवटी ती चिडली. "मन्हा आवाज कसा शे ते दखाडस," म्हणाली. माचाच्या कडेला उभी राहिली, पदर खोचला आणि तीच ओळ खणखणीत म्हटली. अगदी तीच, टिटवीगत. काठावरच्या टिटव्या उडाल्या म्हणेन, पण मी खरं लिहायचं ठरवलंय. उडाल्या नाहीत.

माणसं हसून लोळायला लागली. "वहिनी, हाऊच तर व्हता!" साहेबही हसला. म्हणाला, "बाई, तुम्हीच आहात हो." ती त्याच्यावरही डाफरली. मग ती शेजारच्या पिंपावर बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कसलं कोण जाणे. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तो हात आईने त्याआधी फक्त म्हशीवर फिरवला होता.

जीप सुरू झाली नाही. सगळ्यांनी ढकलत चढावर नेली. काकांची टोपी चिखलात गेली.

त्यानंतर आईने बाजारात, वाण्याकडे, तेराव्याला, बाराव्याला, जिथे जाईल तिथे सांगितलं, "मन्ही सून रेडिओवर गास." आणि मागून सून यायची आणि सांगायची, "ती मी नई." आई मरेपर्यंत हे चाललं. पुढे पूल झाला, नाव गेली, आम्ही काठावर तुकडाभर शेती केली, पोरं झाली. आमचं भांडण जागच्या जागी राहिलं. मी कधी "ए रेडिओवाली" म्हटलं की तवा आपटायची. नातवंडांपुढे, पाहुण्यांपुढे मी म्हणायचो, तूच होतीस. ती म्हणायची, "तुम्हना कानमां तापीनं पानी गयेल शे." एवढी वर्षं तिने एक इंच हार मानली नाही. मीही नाही. दुसऱ्या कशावरून आमचं इतकं जमलं नसेल.

परवा नात माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आजोबा, एक रेकॉर्डिंग आहे माझ्या मोबाइलमध्ये. आजीला न सांगता घेतलं होतं." तिने बोट लावलं.

"चहा थंडा व्हई ऱ्हायना. कोठे मरी गयात? कितला येळ वरडू?"

मी ऐकलं. नात माझ्या तोंडाकडे बघत होती. शब्द तिचेच होते, दुसरं कुणी मला असं म्हणत नाही. पण तो आवाज बारीक, नाकातला, डबीत बसून बोलल्यासारखा. खोपीतून यायचा तसा नाही, चुलीपाशी यायचा तसाही नाही.

नात म्हणाली, "आजीच ना?"

मी म्हटलं, "हाई कोन भवानी शे?"

तिला वाटलं मी थट्टा करतोय. ती हसली. म्हातारे, तू जिंकलीस. पण आता ते कळवू कुणाला?

"परत लाव," मी नातीला म्हटलं.